बोट

फुगा लाल नव्हता, एवढं नक्की.
आई म्हणायची पिवळा, मला आठवतो जांभळट.
तलावपाळीला, कठड्याजवळ, पौषातल्या एका रविवारी,
पाण्यात पायडलच्या बोटी
आणि माझ्या मुठीत आईचं बोट.

फुगा फुटला. बोट सुटलं.
दोन्ही एकाच क्षणी,
आणि सहा वर्षांच्या मेंदूने घाईतल्या वाण्यासारखी
दोन्हींची मिळून एकच पुडी बांधली.

पाऊण तासाने चणेवाल्याच्या गाडीमागे सापडले.
आईने पदराने नाक पुसलं, एक धपाटा घातला,
प्रकरण मिटलं.
पुडी कुणी सोडली नाही.

मग दोरा लांबत गेला.
फुग्यापासून रबराच्या वासापर्यंत,
वासापासून डॉक्टरच्या हातमोज्यांपर्यंत,
पार केकवरच्या मेणबत्त्यांपर्यंत.
त्या बिचाऱ्या कधी फुटल्या नाहीत,
फक्त फुग्यांच्या शेजारी राहत होत्या.

वागळे इस्टेटला मी पंचिंग प्रेसवर बसते.
दिवसाला चार हजार ठोके, पापणी हलत नाही.
सुपरवायझर घोसाळकर म्हणतो, बाई लोखंडाची.
लोखंडाची बाई राम मारुती रोडवरून जात नाही,
कारण कोपऱ्यावर फुगेवाला असतो;
मागच्या गल्लीतून जाते, सात मिनिटं जास्त,
आणि वळण घेतलं की छातीतला नट
असा सैल होतो, असा गोड सैल...

तिथंच चुकतं, नौपाड्याच्या पाटणकर बाई म्हणाल्या.
तो सैलपणा म्हणजे पगार.
तुम्ही पळता, भीती सही करून पाकीट घेते.
पस्तीस वर्षांत एक खाडा नाही,
ती नोकरी सोडेल कशाला?

वाढदिवसांना मी काय काय पुढे केलं:
ताप, ओव्हरटाइम, कळव्याचं पाणी गेलंय,
एकदा तर जिवंत मावससासूचं तेरावं.
फुगा चावत नाही हे मला ठाऊक होतं.
पण ठाऊक असणं वरच्या मजल्यावर राहतं,
भीती तळमजल्यावर,
मधे जिना बांधलेला नाही.

आणि मग उर्वी.
साडेचार वर्षांची. जिच्यासमोर
आयुष्यात एक फुगा फुटलेला नाही
(मी फुटू दिलेला नाही).
सोसायटीच्या गेटला कुणीतरी फुगे बांधले होते.
तिने आधी माझ्याकडे पाहिलं,
मग दोन्ही कानांवर हात ठेवले.
तंतोतंत माझे हात.

दुसऱ्या दिवशी पाटणकर बाईंचं दार वाजवलं.
आधी न फुगवलेला फुगा, डब्यात, फडताळात.
मग टेबलावर. मग तळहातावर, मेलेल्या पालीसारखा.
मग अर्धा फुगवून पलीकडच्या खोलीत
आणि अलीकडे मी, घड्याळ लावून, उठायचं नाही.
ती चढली. चढली. घशापर्यंत आली, ओरडली,
आणि आज पगार नाही म्हटल्यावर
एकविसाव्या मिनिटाला तिने जांभई दिली.

गेल्या महिन्यात तलावपाळीला एक घेतला. निळा. दहा रुपये.
उर्वीने दोरा धरला, मी उर्वीला.
घरी तो चार दिवस कॉटखाली
सुरकुतत राहिला, एक आवाज न करता.
फुगा असाही संपतो, हे मला
एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

पुडी सुटली असं नाही म्हणत मी.
बाई म्हणतात, जुनं पुसलं जात नाही,
शेजारी नवं लिहिलं जातं, आणि ठाण्यात लिहिलेलं
वाशीत वाचता येईलच असं नाही.
खरं आहे. परवा वाशी डेपोबाहेर बसचं टायर फुटलं.
भानावर आले तेव्हा
माझ्या मुठीत एक बोट होतं, इवलंसं,
आणि उर्वी म्हणत होती, आई, दुखतंय.

मी मूठ सैल केली.
तिने बोट काढलं नाही.